मोहरीची मसूर

माझ्या उजव्या तळपायाला, टाचेच्या जरा पुढे, एक ठिगळ आहे. तुम्ही दोघं लहान असताना पोहण्याच्या तलावाच्या काठावर ते पाहिलं होतं. अन्वी, तू विचारलं होतंस की आजी, तुझा पाय कोणी शिवला? मी म्हणाले, काच लागली होती. तुमच्या आईलाही फोनवर मी तेच सांगितलं होतं. ती काच खोटी होती. माझ्या सगळ्या फायली नीट लावलेल्या आहेत, ही एकच चुकीची राहिली आहे. ती दुरुस्त करायची, तर डॉक्टरांबद्दल सांगावं लागेल.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण विमा कार्यालयात आयुष्यभर पत्रं लिहून माझ्या इंग्रजीला कडक इस्त्री झाली आहे. त्यात हा माणूस मावणार नाही. एखादा शब्द अडला तर आईला विचारा.

डॉक्टर कातडीचे होते. नाशिकला अशोक स्तंभाजवळ एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा दवाखाना होता आणि त्याच्याच मागच्या दोन खोल्यांत ते एकटे राहत. दाराशी एक नळ, बादली, प्लॅस्टिकचा तांब्या आणि पायपुसणं. वर पाटी, ‘आधी पाय धुवा’. नवीन माणसाला वाटे, आत देवस्थान आहे. सिन्नरहून आलेल्या एका आजोबांनी नळाशेजारी नारळ ठेवला होता. डॉक्टरांनी तो फोडला आणि बसलेल्या सगळ्या पेशंटना खोबरं वाटलं.

आत गेल्यावर पेशंटनं उंच खुर्चीत बसायचं आणि डॉक्टर खाली, लाकडी पाटावर. तुम्ही कोंड्यासाठी आलेले असा किंवा गजकर्णासाठी, ते आधी तुमचे तळपाय हातात घेत. टाच, चवडा, बोटांच्या बेचक्या, एकेक नख. मग तळहात. मग पाठ आणि मान, केस बाजूला सारून डोकं. हे सगळं झाल्यावर वर बघून विचारायचे, “हं, काय होतंय?” कित्येक जण तोवर आपलं दुखणं विसरलेले असत. गावात त्यांना तळपायवाले डॉक्टर म्हणत. कॉलेज रोडवरच्या चकचकीत दवाखान्यांतले तरुण डॉक्टर त्यांच्यावर हसत, हे त्यांना माहीत होतं. ते म्हणायचे, “चेहरा सगळेच बघतात. त्याला माझी गरज नाही.”

ते जे शोधत होते ते फार क्वचित सापडणारं होतं. कातडीचा एक कर्करोग असतो, काळ्या तिळासारखा दिसणारा. तुमच्या देशातल्या गोऱ्या लोकांना तो उन्हानं होतो, म्हणून तिकडे समुद्रावर जाताना तुम्ही मलम फासता. डॉक्टर सांगायचे की आपल्याकडे तो उन्हात बसत नाही, सावलीत बसतो. तळपायाला, नखाखाली, जिथं कोणी बघत नाही तिथं. पातळ असताना काढला तर माणूस घरी जातो. खोल उतरला की पुढचं कोणाच्या हातात राहत नाही.

प्रत्येक पेशंटचं एक कार्ड होतं. त्यावर माणसाची पुढची आणि मागची आकृती, खाली दोन तळवे. डॉक्टर त्यावर पेन्सिलीनं ठिपके काढत आणि दरवर्षी जुन्या ठिपक्यांशी पडताळत. माप मात्र धान्यात. टेबलावर तीन छोट्या बाटल्या असत, एकीत मोहरी, दुसरीत मसूर, तिसरीत हरभरे. पेशंटच्या तळहातावर मोहरीचा दाणा ठेवून सांगत, “तीळ सगळ्यांनाच असतात. तो बदलतोय का ते बघायचं. मोहरीची मसूर झाली की माझ्याकडे यायचं. हरभरा होईपर्यंत घरी बसायचं नाही.” मला हे मुळीच पटत नसे. मसूर काही सगळी एका मापाची नसते. मी पट्टी घेऊन कार्डाच्या कडेला मिलिमीटर लिहायला लागले. ते खोडायचे नाहीत, पण वाचायचेही नाहीत.

मी तिथं कशी गेले? तुमचे आजोबा गेल्यावर घरात माझं काम सकाळी नऊला संपायचं. डॉक्टरांना दवाखान्यात एक बाई हवी होती, कारण बायकांच्या पाठी तपासताना पडद्याआड दुसरी बाई असावी हा त्यांचा नियम, आणि आधीची बाई मुलीकडे राहायला गेली होती. मी गेले तेव्हा कार्डं बिस्किटांच्या खोक्यांत होती, ज्या क्रमानं माणसं आली त्या क्रमानं. मी ती आडनावांप्रमाणे लावली. डॉक्टर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस त्यांना एक कार्ड मागितल्याबरोबर मिळालं. “बाई, तुम्ही राहा,” म्हणाले. तीच माझी नेमणूक.

ते कोणाच्या घरी जात नसत. लग्नाचं आमंत्रण आलं की त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर तळव्याची आकृती काढून बघत. गोरं व्हायचं मलम मागणाऱ्या मुलींना म्हणत, ते मला येत नाही, आणि तपासणीची फी परत करत. मुलींच्या आया चिडत. दुपारी दोन पेरू खायचे, मीठ न लावता, उभ्यानं. मी डबा पुढे केला तर एक घास घेऊन आभार मानायचे, दुसरा घ्यायचे नाहीत.

मखमलाबादकडच्या एका माळीणबाईंची गोष्ट सांगते. त्यांचा झेंडूचा मळा होता आणि हातांना खाज सुटायची म्हणून त्या आल्या होत्या. पाय धुतले, खुर्चीत बसल्या, आणि डॉक्टर पाटावर बसून पायाला हात लावणार तशा त्या खुर्चीतच उभ्या राहिल्या. डॉक्टर त्यांच्या वडिलांच्या वयाचे. वडीलधाऱ्या माणसानं आपल्या पायाला हात लावायचा म्हणजे आपल्याला पाप, हे तुम्हाला तिकडे कळायचं नाही, पण इथं माणूस पाय मागेच ओढून घेतो. “डॉक्टर, हात खाजत्यात माझे. पायाला नाय काय झालं,” त्या म्हणाल्या. “लय पाप लागंल मला.”

हे नेहमीचंच होतं, आणि डॉक्टरांचं उत्तरही ठरलेलं होतं. ते म्हणाले, “तपासून झालं की माझ्या पाया पडा. फिटलं.”

बाई बसल्या. डॉक्टरांनी एकेक बोट उलगडून बघितलं. काही नव्हतं, नुसत्या भेगा. मग बाई खाली उतरल्या आणि खरंच वाकून त्यांच्या पाया पडल्या. दिवसाकाठी वीस-पंचवीस माणसं अशी पाया पडून जात. डॉक्टर प्रत्येक वेळी कुरकुरत, “पुरे, पुरे, ओळ मोठी आहे.” मला पुष्कळ दिवस वाटायचं की त्यांना ते मनातून आवडत असावं. दिवसभरात कोणाचा हात त्यांना लागे, तो तेवढाच.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्या दिवशी पाऊस फार होता, पेशंट नव्हते, आणि मी जुनी खोकी पुसत होते. एका खोक्यात सगळ्यात खाली नुसतं एक नाव लिहिलेला कागद होता, आकृती नसलेला. ते नाव सटाण्याकडच्या एका बाईचं होतं. ती अंगावरच्या खाजेसाठी त्यांच्याकडे तीन वर्षं येत होती. तेव्हा दाराशी नळ नव्हता, लोक चपला बाहेर काढून आत येत. ती रीतीची होती. डॉक्टरांसमोर पाय पुढे करू नयेत म्हणून बाकावर मांडी घालून, पाय लुगड्याखाली घेऊन बसायची. तीन वर्षांनी ती लंगडत आली तेव्हा त्यांनी पाय दाखवायला सांगितला. ती संकोचून म्हणाली, “काही नही डाक्टर, कुरूप शे.” ते कुरूप नव्हतं. जांघेत गाठ आलेली होती. दिवाळीपर्यंतसुद्धा ती राहिली नाही.

“तीन वर्षं,” डॉक्टर म्हणाले. “माझ्यापासून दोन हातांवर होता तो पाय.” मग उठून मागच्या खोलीत गेले, आणि त्या दिवशी मी दवाखाना एकटीनं बंद केला.

आता माझ्याकडे येते.

दवाखान्यात एका माणसाचे पाय त्यांनी कधी पाहिले नव्हते, ते माझे. मी कार्यालयातल्या सवयीनं मोजे आणि बंद बूट घालायची. मी पेशंट नव्हते. त्यांनी विचारलं नाही, संकोचानं. मीही बोलले नाही, त्याच कारणानं. पाच वर्षं आम्ही दोघं मिळून नाशिकभरच्या माणसांचे तळवे बघत होतो.

एकदा कार्डं नव्या कपाटात हलवताना त्यांचं स्वतःचं कार्ड मला मिळालं. इतरांसारखंच, आकृती आणि तळवे. पुढच्या बाजूचे ठिपके त्यांच्या हाताचे. पाठीचे ठिपके दुसऱ्या हाताचे, त्यांच्या पत्नीच्या, गोल, सावकाश काढलेले, आणि प्रत्येकाशेजारी बारीक अक्षरात ‘मोहरी’, ‘मोहरी’, ‘अर्धी मोहरी’. खाली लिहिलेलं, ‘एकूण चौदा. मान पुसून घेत जा.’ अशा ओळी बऱ्याच वर्षांच्या होत्या. मग त्यांच्या पत्नी वारल्या. त्यानंतरच्या दर वर्षी डॉक्टरांनी कार्डावर वर्ष घातलं होतं, तळवे, हात, पोट सगळं भरलं होतं, आणि पाठीपुढे एक आडवी रेघ. अकरा रेघा होत्या.

मी कार्ड जागेवर ठेवलं. दोन महिने काही बोलले नाही. विधवा बाईनं विधुर माणसाला अंगातला सदरा काढा म्हणायचं, हे मला दोन्ही भाषांत नीट सांगता येत नव्हतं. शेवटी एका दुपारी त्यांचे पेरू खाऊन झाल्यावर मी कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हणाले की ह्यातला एक रकाना अपुरा आहे, आणि अपुरं कार्ड मी कपाटात ठेवत नाही.

त्यांनी कार्ड उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाले, “नियम सगळ्यांना सारखा. आधी तुमचे तळवे, मग माझी पाठ.”

मी नळावर जाऊन पाय धुतले. खुर्चीत बसले तेव्हा त्या माळीणबाईंना काय झालं होतं ते मला कळलं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, पाप-पुण्य न मानणारी. आणि ते पाटावर बसून माझा पाय उचलू लागले तर मला खुर्चीतून पळून जावंसं वाटलं. डावा पाय बघून झाला. उजवा घेतला. टाचेच्या पुढे अंगठा टेकवून ते थांबले.

“हे काय?”

मी हसले. तो सासूबाईंचा बिब्बा होता. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला तिथं कुरूप झालं होतं. सासूबाईंनी बिब्बा चुलीवर तापवून त्याचं तेल टोचलं. बिब्ब्याचा डाग कसा पडतो तुमच्या आईला विचारा. धोबी कपड्यांवर खुणा करायचे त्यानं. तेव्हापासून घरात सगळे त्या काळ्या ठिपक्याला सासूबाईंचा बिब्बा म्हणत. तुमचे आजोबा म्हणायचे, आईनं तुझ्यावर शिक्का मारून ठेवलाय. मी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत.

“किती वर्षं झाली?”

“बेचाळीस.”

“बाई,” ते म्हणाले, “तळव्याची कातडी रोज झिजते. महिन्या-दीड महिन्यात नवी होते. बिब्ब्याचा डाग बेचाळीस वर्षं टिकेल कसा?”

पहिला डाग केव्हातरी गेला असणार, आणि त्याच जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं असणार. आम्ही त्याला जुन्याच नावानं हाक मारत राहिलो. मी, जिनं हजारो कार्डांवर मिलिमीटर लिहिले, तिनं.

त्यांनी मोठं भिंग घेतलं. एक कड वाकडी होती, आणि एका बाजूला रंग पिंगट होऊन पसरला होता. त्यांनी बाटलीतून मोहरी काढून शेजारी ठेवली, मग मसूर. मग पट्टी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कार्डावर मिलिमीटर लिहिले. त्यावरून मला समजलं की ते घाबरले आहेत.

तुकडा तपासायला पाठवला. अहवाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत तुमच्या आईचे तीन फोन आले, आणि तिन्ही वेळा मी तिला लिंबाच्या लोणच्याबद्दल सांगितलं. का, ते अजून नीट सांगता येणार नाही. तिला सांगितलं असतं तर ती आली असती. ती आली असती, मग परत गेली असती. मला तिचं ते परत जाणं नको होतं.

अहवालात त्या कर्करोगाचंच नाव होतं. पण वरच्या थरातच होता, खाली उतरलेला नव्हता. डॉक्टरांनी ते वाक्य मला मोठ्यानं वाचून दाखवलं, मग पुन्हा मनात वाचलं. आजूबाजूची कातडी धरून तो काढायचा आणि मांडीची कातडी तिथं लावायची, एवढंच. इस्पितळात ते माझ्याबरोबर आले. अर्जावर ‘रुग्णाशी नातं’ असा रकाना होता. त्यांनी ‘डॉक्टर’ लिहिलं. खिडकीतली मुलगी म्हणाली, तसं नाही काका, नातं लिहा. ते पेन हातात धरून उभे राहिले. मागे ओळ होती. मीच म्हटलं, शेजारी लिहा. आमच्या घरांमध्ये दोन मैलांचं अंतर होतं, पण त्यांनी ते लिहिलं.

पाच आठवडे मला पाय टेकवायचा नव्हता. ते रोज दवाखाना बंद करून येत, पट्टी बघत, आणि दारातूनच जात. एकदा फक्त बसले. म्हणाले, “तुम्ही माझं कार्ड काढलं नसतंत तर?” मी म्हटलं, तुम्ही अट घातली नसतीत तर? मी त्यांना चहा विचारला, ते नको म्हणाले.

मी कामावर गेले त्या पहिल्या दिवशी शेवटचा पेशंट गेल्यावर त्यांनी स्वतःच दार लोटलं, माझ्याकडे पाठ केली आणि सदरा काढला. म्हातारी, गोरी, जराशी वाकलेली पाठ होती. मानेवर खरंच मळ होता. मी आधी ओल्या रुमालानं मान पुसली. मग कार्ड शेजारी ठेवून एकेक ठिपका शोधला. मी मोजत होते आणि ते भिंतीकडे तोंड करून विचारत होते, कड कशी आहे, रंग एकच आहे का, हाताला लागतो का. चौदाचे चौदा जागेवर होते. दोन नवे होते, दोन्ही अर्धी मोहरी. मी त्यांच्या पत्नीच्या ‘एकूण चौदा’च्या खाली लिहिलं, ‘एकूण सोळा.’

“सोळा?” ते म्हणाले. “बरं.” सदऱ्याची बटणं लावायला त्यांना फार वेळ लागला.

त्यानंतर दरवर्षी एक दिवस आम्ही हे करत असू. आधी माझे तळवे आणि पाठ, मग त्यांची पाठ. दहा मिनिटांचं काम. बाकी वर्षभर ते मला बाई म्हणत आणि मी त्यांना डॉक्टर.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर ते न्यूमोनियानं गेले. त्यांची कातडी शेवटपर्यंत स्वच्छ होती, हे मी खात्रीनं सांगते. इंदूरहून पुतण्या आला, भला माणूस आहे. त्यानं कपाट उघडलं आणि ही रद्दी कुठं द्यायची ते मला विचारलं. मी दोन महिने मागून घेतले. एकेकाला फोन करून कार्डं परत दिली. माळीणबाई लेकीबरोबर आल्या. झेंडूची परडी आणली होती, ती कुठं ठेवावी त्यांना कळेना, म्हणून पाटावर ठेवली. स्वतःचं कार्ड पदरात गुंडाळून घेतलं आणि म्हणाल्या, “बाई, आता आमच्या पायाला कोन हात लावनार?” मी त्यांना लेकीचं नाव कार्डावर लिहून दिलं, आणि लेकीला मोहरी आणि मसूर कशी लावून बघायची ते दाखवलं. तिला एका खेपेत समजलं.

दोन कार्डं मी ठेवून घेतली, त्यांचं आणि माझं. तीन बाटल्याही.

आता माझं काम असं आहे. आंघोळीनंतर आरसा जमिनीवर ठेवून मी तळवे बघते. ठिगळाच्या कडा स्वच्छ आहेत. हात, नखं, पोट, सगळं ह्या वर्षीच्या ओळीत भरलं आहे. पाठीपुढे मी रेघ मारलेली नाही. जागा तशीच सोडली आहे.

आईला हे वाचून दाखवा, मी सांगण्यापेक्षा तुमच्याकडून बरं. ती रागावेल, तिला रागावू द्या. डिसेंबरात तुम्ही याल तेव्हा आधी तुम्हा दोघांचे तळवे, कारण हे रक्तात असू शकतं आणि नियम सगळ्यांना सारखा. मग माझी पाठ. माझ्या घरी मागच्या खोलीत खिडकीपाशी सकाळी नऊ ते दहा चांगलं ऊन येतं. मागच्या खेपेला माझ्या पाठीवर एकूण नऊ ठिपके होते. पेन्सिलीला टोक करून कार्डाशेजारी ठेवली आहे.